५०% टॅरिफ लागलं, आईच्या बँका विकू का ठेवू? (भांडण नको, उत्तर हवंय)

सात_रस्ता | ३० ऑगस्ट २०२५, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी, गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. प्रश्न लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

आईच्या डीमॅटला तीन बँका आहेत, एचडीएफसी बँक, स्टेट बँक आणि महाबँक (बँक ऑफ महाराष्ट्र). महाबँक बाबांनी घेतलेली, का तर त्यांचं पगाराचं पहिलं खातं तिथं होतं, बाकी अभ्यास शून्य. तर मंगळवारी २६ ला आई हरतालिकेचा उपास धरून बसलेली, सहज ॲप उघडलं तर एचडीएफसी बँक अर्धी. उजव्या बाजूला लाल अक्षरात उणे पन्नासच्या आसपास. आणि समोर टीव्हीवर ट्रम्प, उद्यापासून भारताच्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर. तिने दोन्ही पन्नास एकत्र जोडले आणि मला फोन, अरे त्या मेल्याने आपले अर्धे नेले! मी ऑफिसात, मिटिंग सोडून बाहेर आलो, म्हणलं आई बोनस आहे, १ ला १, शेअर डबल होणार म्हणून भाव अर्धा झालाय. तिला पटेना. २७ ला चतुर्थीची सुट्टी. शेवटी काल खात्यात डबल संख्या दिसली तेव्हा कुठे ती नीट जेवली.

हे झालं हसण्यावारी. पण खरा प्रश्न पुढे आहे. माझ्या चुलतभावाचं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, बराचसा माल अमेरिकेला. २५% लागलं तेव्हाच बायरने डिस्काउंट मागितलेला, आता ५०% म्हणल्यावर 'होल्ड' असा एका शब्दाचा मेल आला. ४२ लूम आहेत त्यातले निम्मे बंद. त्याचं लोन बँकेचंच आहे ना? असे हजारो असतील, तिरुपूर, सुरत, पानिपत. मग उद्या हे सगळे बुडाले तर बँका बुडणार नाहीत का? बँक निफ्टी (बँकांच्या शेअरचा निर्देशांक) जुलैत ५७ हजारांच्या वर होता, काल ५४ च्या खाली बंद. स्टेट बँक तर क्यूआयपीच्या (मोठ्या संस्थांना थेट शेअर विकले त्या) ८१७ च्या पण खाली आलीय. विकू का ठेवू? प्लीज राजकारण नको.

---

निफ्टीनाना | ३० ऑगस्ट, सकाळी ९:५०

'राजकारण नको' असं लिहिलंस म्हणजे आता होणारच.

गणित कर बाळा. गेल्या वर्षी आपली अमेरिकेला निर्यात साधारण ८६ अब्ज डॉलर, आपला जीडीपी ४ हजार अब्जांच्या घरात. म्हणजे दोन टक्के आणि थोडं. त्यातून औषधं आणि फोन वगळलेत. काल जीडीपी वाढीचा आकडा आला ७.८ टक्के, तो बघितलास का? नाही, कारण तू बातम्या बघत बसलास. एचडीएफसी बँकेच्या कर्जात टॉवेल शोधायला दुर्बीण लागेल. भावाबद्दल वाईट वाटतं पण भावाचं युनिट म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. आईला म्हणावं ॲप अनइन्स्टॉल करा आणि गौरीच्या जेवायला कधी बोलावताय ते सांगा.

---

लाल_कंदील | ३० ऑगस्ट, सकाळी १०:०५

७.८ वर नाना खूश. मग परदेशी लोक का विकतायत रोज? रुपया काल डॉलरला ८८ च्या पलीकडे गेला, आजपर्यंतचा नीचांक, ते नाही दिसलं? अमेरिकेत जाऊन सभा घेतल्या, मिठ्या मारल्या, त्याचं फळ ५० टक्के. पाकिस्तानला १९, बांगलादेशला २०, व्हिएतनामला २०. मित्राला ५०. वा.

---

स्वदेशी_मावळा | ३० ऑगस्ट, सकाळी १०:२१

आलेच कंदील घेऊन. मग काय करायला हवं होतं, दूध आणि शेतीचं मार्केट उघडून द्यायचं? अमेरिकेचं मका-सोयाबीन-चीज आत आलं असतं तर आमच्या बारामती-संगमनेरच्या दूधवाल्याने काय करायचं? वाकलो नाही म्हणून दंड लागलाय. रशियाचं तेल घेतो म्हणून दंड म्हणे, चीन आपल्यापेक्षा जास्त घेतो त्याला कुठाय हा दंड? एसअँडपी या रेटिंग एजन्सीने याच महिन्यात भारताचं रेटिंग वाढवून बीबीबी केलं ते पण सांगा. सात रस्ता भाऊ, एकही शेअर विकू नका, हीच देशसेवा.

---

लाल_कंदील | ३० ऑगस्ट, सकाळी १०:२९

शेअर धरून बसणं ही देशसेवा असेल तर इंडसइंड बँकवाले परमवीरचक्राचे मानकरी आहेत. मार्चमध्ये एका दिवसात २७% गेला, त्यात ट्रम्पचा हात नव्हता, डेरिव्हेटिव्हचा हिशोबच चुकलेला.

आणि २०२२ च्या आधी रशियाचं तेल २ टक्के पण नव्हतं, आता ३५ च्या आसपास. स्वस्तात घेतलं ना? मग पंपावर कधी स्वस्त मिळालं तुम्हाला? फायदा रिफायनऱ्यांचा, दंड सोलापूरच्या टॉवेलवाल्याला. याचं उत्तर द्या, बाकी मिठ्यांचं सोडून देतो.

---

स्वदेशी_मावळा | ३० ऑगस्ट, सकाळी १०:३४

ते तेल घेतलं नसतं तर पंपावर दीडशे झाला असता, तेव्हा पण तुम्हीच ओरडला असता.

---

पांढरं_सोनं_यवतमाळ | ३० ऑगस्ट, सकाळी ११:१५

राजेहो, दूधवाल्याचं झालं, टॉवेलवाल्याचं झालं, आता कापूसवाल्याचं कोनी बोलनार हाय का?

शेतकऱ्याच्या बाजूनं उभे राहिले म्हणता ना मावळे भाऊ, मग हे आयका. १९ ऑगस्टला बाहेरच्या कापसावरची ११% ड्युटी काढून टाकली, ३० सप्टेंबरपर्यंत. म्हटलं चला, तवरक आमचा कापूस निघत नाही, गिरणीवाल्याले थोडा आधार. तर परवा २८ ला तीच सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली! आमचा पहिला वेचा दसऱ्या-दिवाळीचा. म्हंजे आमचा माल बाजारात आनि बाहेरच्या गाठी बंदरात, दोन्ही संगच येनार. हमीभाव ८,११० जाहीर हाय लांब धाग्याले, पन व्यापारी तो देनार का? सीसीआयच्या (कापूस महामंडळाच्या) सेंटरवर ट्रॅक्टर घेऊन दोन-दोन दिवस उभं राहा, मग ओलावा जास्त म्हनून वापस.

सोलापूरचा टॉवेल अमेरिकेनं थांबवला त्याचा मार यवतमाळात बसला. अन इकडं म्हनता टॅरिफचा दोन टक्केच परिनाम.

(शेअर माह्याकडे पन हायत, महाबँकेचे ४०० अन स्टेट बँकेचे ६०. म्हनून इथं येतो, नाहीतर तुमची भांडनं वाचायले वेळ नाही.)

---

एडिसनची_मिसळ | ३० ऑगस्ट, दुपारी १२:०२

इथे रात्र झालीय पण झोप येत नाही म्हणून लिहिते. काही तासांपूर्वीच इथल्या फेडरल अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ असा निकाल दिलाय की ट्रम्पला ज्या कायद्याखाली ही टॅरिफ लावली तो अधिकारच नव्हता. पण टॅरिफ १४ ऑक्टोबरपर्यंत चालू राहणार, तोवर सुप्रीम कोर्टात जातील. त्यामुळे सोमवारी मार्केट उघडताना 'टॅरिफ रद्द' असे मेसेज फिरले तर लगेच उड्या मारू नका.

दुसरं, सात रस्ता दादा, तुमच्या भावाचा २७ च्या आधी बोटीत चढलेला काही माल आहे का? त्याला सूट आहे म्हणे, पण तो १७ सप्टेंबरच्या आत इथे क्लिअर व्हायला हवा. माझा नवरा लॉजिस्टिक्समध्ये आहे, तो हसला, न्हावा शेवाहून न्यूयॉर्कला महिना तरी लागतो, २६ ला चढवलेला कंटेनर २१ दिवसांत कोण आणतंय. ज्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं ते वाचले.

---

सात_रस्ता | ३० ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताई, त्याचा एक कंटेनर ५ ऑगस्टला गेलाय, तो मिळून जाईल बहुतेक. पुढचे दोन गोडाऊनला पडून. आणि त्यात मेख अशी की ते हॉटेलचे टॉवेल आहेत, बॉर्डरमध्ये जॅकार्डने हॉटेलच्या साखळीचं नाव विणलेलं. दुसऱ्या कुणाला विकताच येत नाहीत. मी बघून आलो गेल्या रविवारी, पांढरेशुभ्र टॉवेल, छतापर्यंत थप्प्या, वरती प्लास्टिक टाकलेलं कारण पत्र्यातून पाणी गळतं. भाऊ म्हणाला हे मी आता लग्नात आहेर म्हणून वाटू का.

आणि नाना, दोन टक्के तुमच्यासाठी असतील हो. चाळीसातले वीस लूम बंद म्हणजे तेलंगी वस्तीतली तीसेक घरं आहेत.

---

दलाल_स्ट्रीटचा_पोपट | ३० ऑगस्ट, दुपारी १:१०

मी आत्ता सीएसएमटीला अडकलोय, आझाद मैदानावरच्या आंदोलनामुळे लोकलमधून उतरलं की मुंगीला जागा नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. माझं मत, बँका विका सगळ्या आणि सोनं घ्या. येस बँकेत काय झालं विसरलात? २०२० ला ७५% शेअर तीन वर्षं लॉक. आज जपानी एसएमबीसी २०% घेतेय म्हणून नाचताहेत सगळे, पण ज्यांनी २०१८ ला घेतले ते अजून तळात आहेत. बँक म्हणजे काळी पेटी, आत काय आहे ते मॅनेजरला पण माहीत नसतं.

---

निफ्टीनाना | ३० ऑगस्ट, दुपारी १:१८

पोपटराव तुम्ही २०२३ पासून 'सगळं विका' म्हणताय. बंद घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर असतं, तुम्ही तेवढे पण नाही.

---

लाल_कंदील | ३० ऑगस्ट, दुपारी १:३०

बाकी ते क्यूआयपीचं बरं आठवलं. स्टेट बँकेने जुलैत २५ हजार कोटी उचलले ८१७ ने, त्यातलं मोठं गिऱ्हाईक कोण तर एलआयसी. म्हणजे या खिशातलं त्या खिशात. पॉलिसी आमची, बँक सरकारची, आणि भाव खाली आला तर तोटा कुणाचा? असो, मावळे येतीलच धावून

---

स्वदेशी_मावळा | ३० ऑगस्ट, दुपारी १:३३

एलआयसीने स्टेट बँक नाही घ्यायची तर काय तुमची पतसंस्था घ्यायची

---

नियंत्रक | ३० ऑगस्ट, दुपारी १:४५

मधले नऊ प्रतिसाद उडवलेत. पक्ष, जात आणि एकमेकांच्या वडिलांवर घसरू नका. धागा बँकांचा आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ३० ऑगस्ट, दुपारी ४:२०

मी ३४ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली ६ वर्षं इचलकरंजीत, म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट अजून कानात आहे. वाचत होतो सकाळपासून. दोन्ही बाजू चुकीच्या दारावर धडका मारताहेत असं माझं मत.

पहिलं, बँकांचे भाव आत्ता का पडताहेत. टॅरिफ हे एक कारण, पण मोठं कारण घरातलं आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या दराने पैसे देते तो दर, ६.५ वरून ५.५ वर आणला, जूनमध्ये तर एकदम अर्धा टक्का. तुमचं होम लोन रेपोला बांधलेलं, त्याचा व्याजदर लगेच खाली. पण बँकेने लोकांकडून घेतलेल्या एफडी? ती सव्वासात टक्क्याने घेतलेली एफडी मुदत संपेपर्यंत सव्वासातच देणार. म्हणजे येणारं व्याज आज कमी झालं आणि जाणारं व्याज सहा-नऊ महिन्यांनी कमी होणार. मधल्या काळात मार्जिनला, म्हणजे या दोन व्याजांतल्या फरकाला, कात्री. एचडीएफसी बँकेचं मार्जिन मार्च तिमाहीत ३.४६ टक्के होतं ते जूनला ३.३५. दिसायला अकरा पैसे, पण कर्ज २६ लाख कोटींच्या वर आहे, मग करा गुणाकार. हा मार ट्रम्प नसता तरी बसलाच असता. आणि याचं औषध पण चालू आहे, सीआरआर, म्हणजे ठेवींतला रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागणारा हिस्सा, ४ टक्क्यांचा ३ होणार, चार हप्त्यांत, पहिला हप्ता येत्या ६ तारखेला, नेमका अनंत चतुर्दशीला. जो पैसा रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी पडून होता तो मोकळा, सगळ्या बँकांचा मिळून अडीच लाख कोटी.

आता टॅरिफ. नानांचं दोन टक्क्याचं गणित बरोबर आहे पण ते बँकेच्या वहीत तसं येत नाही. येतं कसं ते सांगतो. निर्यातदाराला ऑर्डर आली की ती दाखवून तो बँकेकडून पॅकिंग क्रेडिट उचलतो, त्यातून सूत, मजुरी, वीजबिल. माल बोटीत चढला की बिल डिस्काउंट होतं, म्हणजे बँक बिलाचे पैसे आगाऊ देते, आणि त्या पैशातून पॅकिंग क्रेडिट फिटतं. साखळी आहे. ऑर्डर 'होल्ड' झाली की माल गोडाऊनला आणि पॅकिंग क्रेडिट तसंच. पण त्या दिवशी बँकेच्या वहीत काही लाल होत नाही! मुदत असते, बहुतेक १८० दिवस. ती संपली की थकबाकी सुरू, मग एसएमए-१, एसएमए-२ (थकायला लागलेल्या खात्याचे टप्पे), आणि ९० दिवस पूर्ण झाले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. तोवर पार्टी काय करते? सीसीच्या (कॅश क्रेडिटच्या) लिमिटमधून ओढून पॅकिंग क्रेडिटचं व्याज भरते, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तोच माल पूर्ण भावाने दाखवते. आम्ही जायचो ना गोडाऊन बघायला, थप्प्या मोजायचो, खालची थप्पी दोन वर्षांची आहे की दोन महिन्यांची ते वासावरून कळायचं. सात रस्ता यांनी लिहिलं ना, बॉर्डरमध्ये नाव विणलेले टॉवेल. स्टेटमेंटमध्ये ते शंभर रुपयांचे, बाजारात पुसायच्या फडक्याच्या भावाचे. नुकसान झालंय आजच, वहीत दिसेल नंतर.

म्हणून ऑगस्टच्या बातमीवर शेअर विकणारा घाईत आहे, आणि ऑक्टोबरचा निकाल चांगला आला म्हणून 'बघा काही झालं नाही' म्हणणारा पण घाईतच असेल.

कुणाला लागेल जास्त? मोठ्या खासगी बँकांना कमी, कर्जाचं पुस्तक मोठं आहे. ज्या लहान बँका एका-दोन जिल्ह्यांत, एका धंद्यावर बसल्यात त्यांना. आणि सहकारी बँका, त्यांचा तर शेअर बाजारात नाही म्हणून लाल आकडा पण दिसत नाही, ठेवीदाराला थेट शटरच दिसतं. माझ्या सासऱ्यांची ठेव एका पतसंस्थेत अडकली ती ते असेपर्यंत सुटली नाही, नाव घेत नाही.

यवतमाळच्या भाऊंचा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि सरकारी बँकांसाठी तोच महत्त्वाचा. कापसाचा भाव पडला की पीककर्ज थकतं. त्यात निवडणुकीत 'सातबारा कोरा करू' म्हणून ठेवलंय, मग मार्चमध्ये अजितदादा म्हणाले ३१ च्या आत पैसे भरा. शेतकरी कुणाचं ऐकणार? ज्याची भरायची ऐपत आहे तो पण थांबतो. मी हे २००८ ला पाहिलं, २०१७ ला पाहिलं. कर्जमाफी व्हावी की नाही यावर बोलत नाही, पण होणार-होणार म्हणून लटकत ठेवणं शाखेत बसलेल्या माणसाला सगळ्यात महाग पडतं.

---

पांढरं_सोनं_यवतमाळ | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ५:०२

साहेब, पटलं, पन एक सांगतो. ऐपत असलेला थांबतो म्हनता, आमच्या गावात ऐपतवाला कोन हाय ते दाखवा एकदा. मी ह्या वर्षी भरले जूनमध्ये, नवं-जुनं केलं फक्त, आकडा तोच. बाकी गोडाऊनचा वास म्हनता ते खरं, ओला कापूस पन तसाच कळते.

---

निफ्टीनाना | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ५:४०

साहेबांना दंडवत. माझा दोन टक्क्याचा मुद्दा मागे घेत नाही पण तो दीड परिच्छेदात संपवायला नको होता हे मान्य. तरी माझं उत्तर तेच, एचडीएफसी ठेव. स्टेट बँक ठेव. महाबँकेचं काय ते साहेब सांगतील, सरकारचा हिस्सा अजून ७५ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर आहे, तो कधीतरी बाजारात विकावा लागणारच, तेव्हा भाव दबेल असं मला वाटतं.

---

लाल_कंदील | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ५:५५

साहेब, पंपाचं उत्तर राहिलं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पंपाचं मला विचारू नका, मी कर्ज देत होतो, तेल नाही.

महाबँकेचं ग्रॉस एनपीए २ टक्क्यांच्या आत आहे, माझ्या काळात हे कुणी सांगितलं असतं तर मी चहा सांडला असता. नाना म्हणतात तो हिस्सा विकण्याचा मुद्दा खरा आहे. ठेवायची तर भावनेने ठेवू नका एवढंच.

सात रस्ता, एक विचारतो. भावाने ह्या अडकलेल्या ऑर्डरचं पॅकिंग क्रेडिट कधी उचललं?

---

सात_रस्ता | ३० ऑगस्ट, रात्री ९:१०

साहेब, आत्ता त्याला फोन केला. ११ जूनला उचललंय, १८० दिवसांचं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ३० ऑगस्ट, रात्री ९:२५

म्हणजे ८ डिसेंबर. त्यानंतर ९० दिवस, ८ मार्च. त्यांच्या बँकेच्या वहीत हे मार्च तिमाहीत उमटेल आणि तुम्हा लोकांना निकालात एप्रिल-मेला दिसेल. तोवर त्याने आज करायचं काम एक, सोमवारी शाखेत जायचं आणि 'होल्ड'चा मेल छापून मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा. डिसेंबरची वाट बघू नको म्हणावं. ईसीजीसीचं (निर्यातदारांच्या सरकारी विम्याचं) कव्हर आहे का, कशाचं आहे, ते काढून बघायचं. जो आधी सांगतो त्याच्यासाठी मॅनेजर मुदतवाढीची नोट लिहू शकतो, जो लपवतो त्याच्यासाठी नाही. आणि सीसीतून ओढून व्याज भरणं बंद.

---

सात_रस्ता | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:०५

आभार साहेब. तो ह्या महिन्याचं व्याज सीसीतूनच भरणार होता, सांगितलं त्याला. थोडा चिडला, म्हणाला मॅनेजरला सांगितलं की तो लिमिटच गोठवेल. पण सोमवारी जातोय, मी पण येतो म्हणलं, रात्रीच्या गाडीने.

शेअरचं म्हणाल तर काही विकलं नाही. आईला महाबँकेतले निम्मे काढू का विचारलं तर ती म्हणाली आज गौरी यायच्यात, आज पैशाचं काही काढायचं नाही.

---

पांढरं_सोनं_यवतमाळ | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:४०

भाऊ त्या हॉटेलच्या टॉवेलातले दोन डझन मले पाठवा, पैसे देतो, फुकट नाही. नाव कोनाचं बी असू द्या, वेचनीच्या बायांले डोक्याले बांधाले कामाचे हायत.